वाळीत टाकलंय, पोलिसांनी एनसी हातात दिली. हा गुन्हा नक्की कुठल्या प्रकारात बसतो?

खालच्या वाडीचा

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीला असतो, आई-बाबा गावाला. दक्षिण रायगड एवढंच सांगतो. गावाचं नाव लिहिलं तर संध्याकाळपर्यंत वाडीच्या ग्रुपवर पोचेल.

देवळापुढच्या सभामंडपासाठी गावकीने घरटी २५ हजार वर्गणी लावली. बाबा म्हणाले, दहा देतो, आणि मागच्या कामाचा हिशेब एकदा बघू. वर्गणी कमी दिल्याचा राग थोडाच होता, हिशेब मागितल्याचा जास्त. मार्गशीर्षात बैठक झाली. बाबांना उभं करून विचारलं, माफी मागता का? बाबा काही न बोलता निघून आले. त्याच रात्री ठरलं, या घराशी कोणी बोलायचं नाही, बोलेल त्याला पाच हजार दंड. कागदावर काहीच नाही, सगळं तोंडी.

त्यानंतर भातगिरणीवाला म्हणतो पट्टा तुटलाय. पट्टा आम्ही गेलो की तुटतो. चुलत बहिणीच्या साखरपुड्याला आईला बोलावणं नाही. आणि शिमग्याला पालखी. आईने खळं सारवून ठेवलेलं, पाटावर नारळ, खण, तांदूळ, सगळं मांडलेलं. ढोल पाणंदीच्या वळणापर्यंत आला, तिथे थांबला, आणि पालखी शेजारच्या खळ्यात वळली. आमच्या घरासमोरून परत जाताना भोयांपैकी एकानेही वर बघितलं नाही. बाबा पुढे झाले तर दोघांनी वाट अडवली, आईवरून शिव्या, 'गावात राहायचंय ना? बघून घेऊ' वगैरे.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. दीड पानी अर्ज दिला. त्यांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून एक कागद दिला, कलम ३५२ आणि ३५१(२). म्हणाले, अदखलपात्र आहे, आम्हाला तपासाचा अधिकार नाही, कोर्टात जा.

माझे प्रश्न: वाळीत टाकणं हा गुन्हा आहे की नाही? असेल तर तो मोठा की लहान, आणि शिक्षा किती? आणि एक नाजूक गोष्ट. गावकीचे अध्यक्ष माझे सख्खे चुलते आहेत, वय ७१. त्यांना तुरुंगात बघायची बाबांची अजिबात इच्छा नाही. बाबांना पालखी दारात यायला हवी, एवढंच.

चाकरमानी ७२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोलिस कोर्ट करून पालखी दारात येत नाही. पाच हजार भरा, नारळ ठेवा, विषय संपवा. गावात राहायचंय म्हाताऱ्यांना, तुम्हाला नाही.

निवृत्त अंमलदार

३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली निम्मी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. तुमच्या हातात आलाय तसला एनसीचा कागद मी हजारोंनी लिहिलाय, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

एक विचारू? तुमच्या दीड पानी अर्जात पहिल्या पाच ओळींत काय आहे? माझा अंदाज, शिव्या आणि 'बघून घेऊ'. पालखी आणि गिरणी दुसऱ्या पानावर, 'तसेच गेले काही महिने आम्हास त्रास देत आहेत' अशा एका वाक्यात. बरोबर? अंमलदारासमोर बाकावर चौघं बसलेले असतात, वायरलेस ओरडत असतो, तो पहिल्या पाच ओळी वाचतो आणि त्यावर कलम लावतो. चूक आहे, पण असंच चालतं. शिवीगाळ म्हणजे ३५२, धमकी म्हणजे ३५१(२), दोन्ही अदखलपात्र, फाडला कागद. आमच्या काळी हेच ५०४, ५०६ होतं, झोपेतही म्हणायचो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले, सवयी त्याच राहिल्या.

आता 'मोठा की लहान'. लोक गुन्हा शिक्षेच्या वर्षांनी मोजतात. ठाण्यात तो तसा मोजत नाहीत. ठाण्यात पहिला प्रश्न एकच, दखलपात्र की अदखलपात्र? दखलपात्र असेल तर पोलिसाने एफआयआर घ्यायचा, तपास करायचा, वॉरंटाशिवाय अटकही करता येते. अदखलपात्र असेल तर वहीत नोंद करायची, फिर्यादीला दंडाधिकाऱ्याकडे जायला सांगायचं, आणि कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय तपासाला हात लावायचा नाही. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास, अटक, जामीन कसा करायचा ते सांगणारा कायदा) पहिल्या परिशिष्टातल्या तक्त्यात कलमावार ठरलेलं आहे, साहेबाच्या मर्जीवर नाही.

आणि गंमत बघा. तुमच्या बाबांची वाट अडवली ना? ती 'गैर अटकाव', न्याय संहिता १२६(२). शिक्षा किती? एक महिना साधी कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढासा गुन्हा, पण दखलपात्र. आणि ३५१(२) ची धमकी, जिला दोन वर्षांपर्यंत शिक्षा, ती अदखलपात्र. म्हणजे शिक्षा जास्त तिथे पोलिस नाही, शिक्षा महिन्याची तिथे पोलिस आहे. नवीन पोरांना हे समजावताना माझा चहा थंड व्हायचा.

आता कामाची गोष्ट. एकाच घटनेत चार गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या १७४ मध्येच लिहिलंय. तुमच्या अर्जात 'वाट अडवली' हे शब्द असते तर एनसी लिहिणाऱ्याला थांबावं लागलं असतं. होते का?

आणि वाळीत टाकणं? गुन्हा आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे, २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र. तुमच्या अंमलदाराने ते पुस्तक उघडलंच नाही.

चाकरमानी साहेब, दंड करायचा अधिकार कोर्टाला. गावकीला पाच हजार भरलेत तर पावती मागून बघा, देतात का ते कळवा.

खालच्या वाडीचा

काका, अर्ज समोर घेऊन बसलोय. पहिली ओळ: 'दि. रोजी आमच्या घरासमोर आम्हास अश्लील शिवीगाळ करून…' पालखी पान दोनवर, खालून तिसऱ्या ओळीत. 'वाट अडवली' कुठेच नाही, 'अंगावर आले' असं लिहिलंय. मान गये.

सावित्री नदीकाठ

आमचं घर वाळीत होतं २०१४ साली. तेव्हाही एनसीच मिळाली, पण तेव्हा पोलिसाकडे दुसरं हत्यारच नव्हतं. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दाऊदी बोहरांच्या प्रकरणात रद्द केला, आणि मग पन्नासहून जास्त वर्षं पोकळी. नवीन विधेयक एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती यायला वर्ष गेलं, ३ जुलै २०१७ पासून लागू. आमची आजी त्याआधीच गेली. तिच्या मर्तिकाला खांदा द्यायला तालुक्याहून माझ्या ऑफिसातली चार माणसं आली होती. तुमच्याकडे कायदा आहे, तो वापरा.

तालुका कोर्टातली

दंडाधिकारी कोर्टात वकिली करते, १६ वर्षं झाली. अंमलदार काकांनी बरंचसं सांगितलंय. मी फक्त चुलत्यांचा मुद्दा धरते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ लोकांचा खरा प्रश्न हाच असतो: 'मॅडम, आत जाईल का हो तो?'

दखलपात्र आणि अजामीनपात्र हे एकच आहे असं लोक समजतात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, पोलिस स्वतःहून हात घालू शकतात का? दुसरा, पकडल्यावर जामीन हा आरोपीचा हक्क आहे की कोर्टाची मर्जी? बहिष्काराचा गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्र आहे. तुमच्या चुलत्यांना अटक झालीच, तर ठाण्यातूनच जामिनावर सुटायचा त्यांना हक्क आहे. आणि मुळात अशा प्रकरणात बहुतेक वेळा अटक न करता सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची नोटीस देतात, चौकशीला हजर राहा म्हणून. ७१ वर्षांच्या माणसाला रात्री उचलून नेतील हे चित्र डोक्यातून काढा.

उलट उदाहरण द्यायचं तर जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ चा. तोही आपल्याच राज्याचा. तिथे किमान सहा महिने, कमाल सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार, आणि तो अजामीनपात्र आहे. दोन्ही कायदे एकाच सामाजिक चळवळीतून आले असं म्हणता येईल, पण विधिमंडळाने जामिनाच्या बाबतीत दोन वेगळे निर्णय घेतले. मला विचाराल तर बहिष्काराचा गुन्हा जामीनपात्र ठेवला हे शहाणपणाचं झालं. अख्खा गाव आरोपी असतो हो. अजामीनपात्र असता तर एकाही बाईने तक्रार दिली नसती.

विशेष कायद्यात दखलपात्र, जामीनपात्र असं काहीच लिहिलेलं नसेल, तेव्हा परिशिष्टाचा दुसरा भाग बघायचा: तीन वर्षांपेक्षा कमी किंवा नुसता दंड असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र, तीन ते सात वर्षं असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र, सातच्या वर असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र आणि सत्र न्यायालय. पण कायद्याने स्वतः सांगितलं असेल तर हा तक्ता बाजूला. कोणी अर्धवट वाचून 'तीन वर्षं म्हणजे अजामीनपात्र' असं चुलत्यांना घाबरवू नये म्हणून लिहितेय.

तडजोड? होते. पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी, दोन्ही लागतात. म्हणजे देवळात बसून 'मिटलं' म्हणून चालत नाही, दंडाधिकाऱ्यासमोर सांगावं लागतं. बाबांना नेमकं हेच हवंय असं वाटतं: खटला दाखल असावा, आणि मिटवायची किल्ली त्यांच्या हातात असावी. आरोपपत्र आल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आमच्या कोर्टात किती लागतात हे इथे लिहीत नाही, उद्या त्याच कोर्टात उभं राहायचंय.

मुदतीचंही बघून ठेवा. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तीन वर्षांच्या आत ठाण्यात एफआयआर किंवा कोर्टात तक्रार दाखल व्हावी लागते. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेला एकच वर्ष. नुसता दंड असेल तर सहा महिने. 'बघू पुढच्या शिमग्याला' म्हणत बरेच जण एनसीची मुदत घालवतात.

अजून एक बारकावा. हा कायदा एकाच समाजातल्या माणसांनी आपल्याच माणसावर टाकलेल्या बहिष्काराचा आहे. गिरणीवाला तुमच्या समाजाचा आहे का? नसेल तर त्याचं नाव आरोपींत पहिलं घालू नका, बचाव पक्ष तिथूनच सुरुवात करेल. बैठकीत कोण होतं, फर्मान कोणी सांगितलं, पालखी वळवा असं कोण म्हणालं, ती नावं आधी. फर्मान तोंडी असलं तरी चालतं, कायद्यात तोंडी आणि लेखी दोन्ही धरलंय. मंडळ नोंदणीकृत नाही ही सबबही चालत नाही.

निवृत्त अंमलदार

वकीलबाईंनी मुद्द्याचं सांगितलं. आता अर्ज कसा लिहायचा ते घ्या, कारण गुन्ह्याचा प्रकार कागदावरच ठरतो.

पहिली ओळ: अमुक तारखेच्या बैठकीत आमच्या कुटुंबाशी कोणी संबंध ठेवू नये, ठेवणाऱ्यास पाच हजार दंड, असे अमुक यांनी जाहीर केले. तारीख, जागा, किती वाजता, कोण हजर. दुसरी: त्या दिवसापासून पुढील गोष्टी नाकारण्यात आल्या. इथे एकेक करून लिहा: साखरपुडा, पालखी, बोलणं. पालखीचं नीट लिहा, आईने पाट मांडला होता इथपासून. धार्मिक विधीत सहभागी होऊ न देणं हे त्या कायद्याच्या यादीत स्पष्ट आहे. मग वाट अडवली, 'अंगावर आले' नको, 'उजवीकडून एक, डावीकडून एक, पुढे जाऊ दिले नाही' असं लिहा. शिव्या सगळ्यात शेवटी.

'त्रास दिला', 'अन्याय केला', 'मानसिक छळ' हे शब्द एकदाही नकोत. त्यांना कलम नाही.

घेत नाहीत म्हणाले तर वाद घालू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागा. मग तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना. सुरक्षा संहितेच्या १७३(४) मध्ये तशी सोय आहे. तिथेही हललं नाही तर दंडाधिकारी. आणि एफआयआर झाला की त्याची प्रत फुकट मिळते, झेरॉक्सचे दहा रुपयेही देऊ नका.

एक धोका सांगून ठेवतो. साहेब म्हणतील, दोन्ही पार्टींवर चॅप्टर करू, शांतता राहील. चॅप्टर केस ही गुन्ह्यात मोडत नाही, शिक्षा नाही, नुसतं तहसीलदारापुढे शांततेचं बंधपत्र. पूर्वीची १०७, आता सुरक्षा संहितेची १२६. हो, वाट अडवण्याचंही १२६ आणि चॅप्टरचंही १२६, पुस्तकं दोन. कायदा करणाऱ्यांना आकडे कमी पडले असावेत. कागदावर १२६ दिसलं की कुठल्या संहितेचं ते वाचल्याशिवाय सही करू नका. तुमचे बाबा फिर्यादी आहेत की बंधपत्र देणारे, हे त्या एका शब्दावर फिरतं.

चाकरमानी ७२

अंमलदार साहेब, पावतीचं विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या सासुरवाडीला भरले होते तीन हजार. पावती मिळाली, 'देणगी' म्हणून. माझा वरचा सल्ला मागे घेतो.

खालच्या वाडीचा

बारा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

अर्ज नव्याने लिहिला, काकांनी सांगितल्या क्रमाने. त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर, अंमलदार मात्र दुसरे. त्यांनी दोन वेळा वाचला, आत गेले, अर्ध्या तासाने परत आले आणि विचारलं, बैठकीला हजर असलेले किती? एफआयआर झाला. बहिष्काराचा कायदा आणि १२६(२), ३५२, ३५१(२). प्रत मिळाली, फुकट. चुलत्यांना नोटीस गेली, ते जाऊन जबाब देऊन आले, घरीच आहेत. तिसऱ्या दिवशी गिरणीचा पट्टा दुरुस्त झाला म्हणे.

नावं मात्र ठाण्यात बसून बाबांनीच कमी केली. मी आठ लिहिली होती. बाबांनी आठव्यावर बोट ठेवलं, हे काढ म्हणाले. पालखीच्या भोयांतला एक पोरगा आहे, लहानपणी आमच्याच ओसरीवर अभ्यासाला बसायचा. मी म्हटलं, तोही पालखी घेऊन वळलाच ना? बाबा म्हणाले, वळला, पण त्याने मान खाली घातली होती. नाव काढलं. चूक केली का?

तालुका कोर्टातली

चूक नाही. गरज पडली तर तपासात नाव वाढवता येतं.

निवृत्त अंमलदार

वाढवू नका. त्या पोराला एकट्याला गाठा, गावात नको, तालुक्याच्या एसटी स्टँडवर वगैरे. वळवा म्हणून कोणी सांगितलं ते तो ऐकून आहे, खांद्यावर पालखी होती त्याच्या. साक्षीदार म्हणून जबाब देशील का, एवढंच विचारा. हो म्हणाला तर तपासी अंमलदाराला फोन करून त्याचा जबाब लवकर घ्यायला लावा, म्हणजे गणपतीला गावात काही ठरायच्या आत कागदावर येईल. मान खाली घातलेले साक्षीदार मी बघितलेत, उलटतपासात बरे टिकतात.